बायोप्सीपूर्वीचे आपले कर्तव्य

बसल्यावर उठता येत नाही, जिना चढवत नाही, वा रोज सकाळी डोके दुखून उलटी होते, अशी तक्रार घेऊन शहापूर-मुरबाडचा रुग्ण बहुधा प्रथम आपणाकडेच येतो. त्यास वातव्याधी वा शिरःशूल ठरवून महिनोन् महिने तेल व काढे देणे आम्हांस उचित वाटत नाही. आधी रोगपरीक्षा, मग औषध, हा चरकाचार्यांचाच क्रम होय.

मांसपेशींचे दुर्मिळ विकार बाहेरून सारखेच भासतात. ड्यूशेन विकारात आज बहुधा रक्तावरील जनुकतपासणी पुरते; मायोसायटिसमध्ये मात्र मांसपेशीच्या तुकड्याची परीक्षा निर्णायक ठरू शकते, आणि तो विकार अनेकदा उपचारसाध्य असतो. मेंदूतील गाठ क्षयाची की अर्बुदाची, हेही केवळ स्कॅनवरून नेहमी उमगत नाही.

म्हणूनच औषधविक्रेते बंधूंस आमची विनंती, की चिठ्ठीविना स्टेरॉइड देऊ नये. त्याने मेंदूतील लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरते व बायोप्सी निष्फळ ठरू शकते. वैद्यांनीही दुर्बल मांसपेशीत इंजेक्शन टोचू नये. टोचलेल्या जागेचा तुकडा फसवा निघतो आणि रक्तातील सीपीकेही वाढते.

आसनगावहून भायखळ्यास लोकल आहे; मुरबाडकरांस कल्याणपर्यंत एस.टी. आहे. लक्षणांचा कालक्रम व दिलेली सर्व औषधे चिठ्ठीवर लिहून रुग्णास जे.जे. वा के.ई.एम. रुग्णालयात वेळीच धाडावे. यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. हाच वैद्यधर्म आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.