अर्जात नसलेला रकाना



आमच्या व्यवसायाविषयी स्मरणिकेसाठी चार पाने लिहावीत, असा आग्रह संपादक मंडळाने धरला, तेव्हा परक्या देशात पाय रोवून उभ्या राहिलेल्या एका बौद्ध स्त्रीची यशोगाथा त्यांना अपेक्षित असावी. तशा गाथा पुष्कळ छापून आल्या आहेत आणि पुढेही येतील. आम्ही लिहीत आहोत ते निराळे आहे. काहींना ते झोंबेल. ज्यांना झोंबेल त्यांच्यासाठीच ते लिहिले आहे.

प्रथम व्यवसायाविषयी. इंग्लंडमध्ये ज्या दांपत्याला अथवा एकट्या व्यक्तीला मूल दत्तक घ्यावयाचे असते, त्यांची योग्यता तपासून अहवाल लिहिणे हे आमचे काम. आम्ही कोणत्याही कौन्सिलच्या पगारपत्रकावर नाही. दत्तकसंस्था एकेका प्रकरणापुरते आम्हांस नेमतात आणि अहवालामागे ठरलेला मोबदला देतात. स्वतंत्रपणे काम करतो याचा अर्थ मनास येईल तसे लिहितो, असा कोणी करून घेऊ नये. २००५ च्या नियमांनुसार असा अहवाल लिहिणाऱ्या समाजकार्यकर्त्यास पदवीनंतर बालकल्याणाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो, आणि त्यात दत्तकाच्या कामाचाही. नसेल तर तशा अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करावे लागते. एखाद्या कुटुंबाने परस्पर पैसे देऊन आमच्याकडून अहवाल लिहवून घ्यावा, ही वाट कायद्याने बंद केली आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण 'ताई, तुम्ही आपल्याच, फी तेवढी सांगा' असे म्हणणारे वर्षाकाठी एकदोन तरी भेटतातच.

२०१३ पासून ही तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा दोन महिन्यांचा: पोलीस दप्तरातील नोंदी, डॉक्टरांचा तपास, ओळखीच्या माणसांची पत्रे. दुसरा चार महिन्यांचा. त्यात आम्ही घरी जातो आणि पुन्हा पुन्हा जातो. जिन्याला फाटक बसेल काय, बागेत उघडे तळे आहे काय, हेही पाहतो. परंतु ती पाहणी एका दुपारची. उरलेला सर्व काळ बोलण्यात जातो. लहानपणी मार कोणाचा खाल्ला, नवराबायकोचे भांडण झाले तर आधी कोण बोलते, मूल होणार नाही हे कळले त्या दिवशी घरी येऊन कोण काय म्हणाले. एका परक्या बाईसमोर हे उकलताना भलीभली माणसे रडली आहेत. हा सर्व मजकूर अहवालात जातो, अर्जदारांस वाचावयास मिळतो, मग पॅनेलपुढे जातो. पॅनेल शिफारस करते आणि संस्थेचा अधिकारी निर्णय देतो. नकार मिळाल्यास फेरविचारासाठी स्वतंत्र यंत्रणा आहे.

आता मूळ गोष्ट. ज्या दांपत्याविषयी लिहीत आहोत ते ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. बदलला नाही तो फक्त त्यांचा प्रश्न.

घर स्वच्छ, मनमोकळे. दिवाणखान्यात बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, कपाटात महाराष्ट्र शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड. यजमान जयंतीच्या कार्यक्रमात पुढे असणारे. पत्नीने सात वर्षे इस्पितळांचे उंबरठे झिजविलेले. मूल भारतातून घ्यावयाचे, रीतसर, दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या मार्फत, हे ठरलेले. तीन भेटी उत्तम झाल्या. चौथ्या भेटीत चहाचे कप ठेवता ठेवता यजमानांनी विचारले, "ताई, मूल कोणाचं असेल, ते आधी कळतं का हो?"

आम्हांस वाटले, आजारांविषयी विचारीत आहेत. जन्मदात्यांची वैद्यकीय माहिती उपलब्ध असेल तेवढी देतात, असे आम्ही सांगितले.

"तसं नाही. कोणाचं, म्हणजे..." पत्नीने मान खाली घातली. "ब्राह्मणाचं असलं, मराठ्याचं असलं, तरी आमची काही हरकत नाही. फक्त तेवढं..." आणि त्यांनी एका जातीचे नाव घेतले.

ते नाव येथे लिहीत नाही. त्या लोकांची वस्ती गावकुसाबाहेर आपल्या वस्तीपासून किती पावलांवर होती, हे वाचकांस ठाऊक आहे. आम्ही गप्प राहिलो, तेव्हा त्यांनी स्पष्टीकरण दिले. गावाकडे आई विचारील. उद्या मुलाचे लग्न करावयाचे आहे. आम्ही मानीत नाही हो, पण लोक मानतात. हे वाक्य आम्ही पूर्वी इतर समाजांच्या घरांत अनेकदा ऐकले होते, शब्दन् शब्द तेच.

ते दांपत्य दुष्ट नव्हते, हे आम्ही शपथेवर सांगू. आणि म्हणूनच हा लेख लिहावा लागला. दुष्टांविषयी स्मरणिकेत लिहिण्याचे कारण नसते. त्यांना कोणी वर्गणी मागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर ज्या आजोबांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांचा हा नातू. सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा त्याने दरवर्षी उभे राहून म्हटली आहे. ती म्हणताना त्याच्या मनात फक्त वरच्या पायऱ्या असतात. वरून खाली पाहणाऱ्यांनी पाहू नये, एवढाच तिचा अर्थ त्याने घेतला. आपल्या खाली एक पायरी आहे, आणि तिच्याकडे आपणही तसेच पाहतो, हे त्याला एका न जन्मलेल्या लेकरामुळे कळावयास हवे होते. कळले की नाही, सांगता येत नाही.

टाकून दिलेल्या अर्भकाच्या दुपट्यात जातीचा दाखला नसतो. भारतातील संस्थांत येणाऱ्या कितीतरी बालकांची जात या पृथ्वीवर कोणासही माहीत नाही. जगात जर कोठे बाबासाहेबांच्या स्वप्नातील जातिविहीन नागरिक खरोखर असेल, तर तो त्या पाळण्यात आहे. त्याला उचलून घेण्यास आंबेडकरी माणसाने सर्वांत आधी धावावे, तर तोच विचारतो, कोणाचं?

जुन्या शास्त्राला हा प्रश्न शोभत होता. त्या शास्त्रात दत्तक घ्यावयाचा तो पुत्र, कन्या नव्हे. तो समान वर्णाचा असला पाहिजे, कारण पिंड द्यावयाचा आणि कुळ चालवावयाचे. विधवेने घेतला तरी मृत पतीसाठी. बाबासाहेबांनी कायदेमंत्री म्हणून जे हिंदू कोड बिल मांडले त्यात दत्तकाचेही प्रकरण होते. ते बिल रखडविले गेले आणि १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ साली तुकड्यातुकड्यांनी जे कायदे झाले, त्यांतील दत्तक व निर्वाह कायद्याने कन्येला दत्तक जाण्याचा आणि स्त्रीला स्वतःसाठी दत्तक घेण्याचा अधिकार दिला, आणि जातीची अट त्यात ठेवलीच नाही. तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. कायद्याने पुसलेली अट आपण इंग्लंडातल्या दिवाणखान्यात पुन्हा लिहावी काय?

बाबासाहेबांनी तीन गुरू मानले. भगवान बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. आपल्याकडे या तिघांच्या तसबिरी असतात, म्हणून त्यांच्या घरांची आठवण करून देतो. मायादेवी गेली आणि सिद्धार्थाला महाप्रजापती गौतमीने वाढविले. कबीर नीरू आणि नीमा या विणकर दांपत्यास सापडला, असे परंपरा सांगते. आणि जोतीराव? त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा आली, तिला झालेला मुलगा या माळ्याच्या दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत. त्याला डॉक्टर केले, मृत्युपत्रात वारस केले. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा दत्तकाने टिटवे धरू नये म्हणून भाऊबंद आडवे आले, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती धरले. १८९७ च्या प्लेगात हीच माय आणि हाच लेक रोग्यांची शुश्रूषा करीत होते. सावित्रीबाई त्यातच गेल्या. प्रत्यक्ष बाबासाहेबांची आई ते लहान असताना वारली आणि आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. रक्ताच्या हिशेबाने पाहू गेल्यास आपल्या तसबिरींपैकी किती भिंतीवर राहतील?

त्या चौथ्या भेटीच्या रात्री आम्ही अडखळलो, हेही कबूल केले पाहिजे. ते वाक्य अहवालात लिहावे की न लिहावे? लिहिले तर पॅनेलवरच्या गोऱ्या माणसांपुढे आपल्याच लोकांची लाज निघणार. त्यांतील एका सदस्याने पूर्वी एकदा आम्हांस विचारले होते की, बौद्ध कुटुंबात मुलाला रोज किती वेळ ध्यानास बसवितात. म्हणजे समज तेवढीच. शिवाय प्रकरण अर्ध्यावर थांबले तर मोबदलाही अर्धा. ही सारी कारणे आम्ही रात्री मोजली. सकाळी वाक्य लिहिले, कारण त्या घरात जाणाऱ्या लेकराची आठवण झाली. चौदाव्या वर्षी ते काही चुकेल, आणि रागाच्या भरात कोणीतरी म्हणेल, कोणाचं रक्त आहे कोण जाणे.

दांपत्याने अहवालाचा मसुदा वाचला आणि अर्ज मागे घेतला. आठ दिवसांनी आपल्यातील एका आदरणीय ज्येष्ठांचा दूरध्वनी आला. त्यांचे नाव लिहिणार नाही. ते म्हणाले, "आपल्या घरातली गोष्ट गोऱ्यांच्या कागदावर कशाला?"

आम्ही त्यांना २०१३ सालाची आठवण दिली. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने समता कायद्यात जातीचा अंतर्भाव करण्याचे बंधन सरकारवर घातले, ते आपल्यासारख्या संघटना संसदेबाहेर फलक घेऊन उभ्या राहिल्या म्हणूनही. या देशात जात उरलेलीच नाही, असे विरोधक सांगत होते. २०१८ साली सरकारने ती तरतूद करणार नाही, असे जाहीर केले, आणि आपण निषेधाचे ठराव केले. जात गोऱ्यांच्या कागदावर यावी, यासाठीच तो सगळा लढा होता. मग ती आपल्या घरातून निघाली की कागद का नको? ज्येष्ठ म्हणाले, "ते वेगळं." त्यानंतरच्या जयंतीचे निमंत्रण आम्हांस आले नाही. टपालाचा दोष असेल.

दोन गोष्टी आणखी, कारण त्या व्यवहाराच्या आहेत. गावाकडे भावाचा मुलगा दत्तकपत्र करून घ्यावयाचा आणि सरळ विमानाने आणावयाचा, असा बेत पुष्कळजण सांगतात. पूर्वमान्यता न घेता दत्तकासाठी मूल या देशात आणणे २००२ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यास कारावासाची शिक्षा आहे. दुसरी गोष्ट लपवाछपवीची. मुलाला सांगावयाचे नाही, असे ठरवून काही कुटुंबे आमच्याकडे येतात. या देशात अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीस आपली मूळ जन्मनोंद पाहण्याचा अधिकार १९७५ च्या कायद्यापासून आहे. तुम्ही सांगितले नाही तर कागद सांगेल, आणि कागदाला आईचा आवाज नसतो. तीनचार वर्षांच्या मुलाला गोष्टीसारखे सांगितले तर ते ऐकते, आणि पुन्हा सांगा म्हणते.

आणि भारतच का? इंग्लंडमधील कौन्सिलांच्या ताब्यात आज घर शोधणारी मुले आहेत. भावंडे, एकमेकांपासून तोडू नयेत म्हणून थांबलेली, पाच वर्षांवरील मुलगे, अपंग मुले, कृष्णवर्णीय आणि आशियाई मुले. गोऱ्या तान्ह्या बाळापेक्षा त्यांना अधिक काळ थांबावे लागते. वंश आणि संस्कृती यांचा विचार करण्याची कायद्यातील सक्ती इंग्लंडपुरती २०१४ साली काढून टाकली, तेव्हा वर्णाच्या नावाखाली कोणी तुम्हांस परतवू नये, एवढी तरी वाट मोकळी झाली. तरी आमच्या इतक्या वर्षांत अशा मुलांसाठी आपल्या समाजातून आलेले अर्ज एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यांतील एका घरी दोन भाऊ आले, सात आणि नऊ वर्षांचे, दोघेही कृष्णवर्णीय. धाकटा आता त्रिशरण पंचशील आपल्यापेक्षा शुद्ध पालीत म्हणतो. त्यांच्या आजीने पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न एकच होता: हे जेवतात काय?

कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात भोजनगृहाच्या दाराशी एक टेबल द्यावे. आम्ही दुपारी दोन ते पाच बसू. अर्जाचे नमुने, दोन्ही टप्प्यांची माहिती, येथील आणि भारतातील पद्धती, सर्व मराठीत समजावून सांगू, फी नाही. पतिपत्नी दोघांनीही यावे. आजीआजोबांना आणले तर अधिक बरे.

जय भीम.