विश्लेषण : धावण्यासाठी ‘स्टॅबिलिटी’ शूज खरेच हवेत का? सरावाचा आणि शर्यतीचा बूट वेगळा असावा का?

दिवाळी सरली की पहाटेच्या अंधारात धावणाऱ्यांची संख्या वाढू लागते. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोळ्यांसमोर असते आणि मरिन ड्राइव्हपासून पुण्यातल्या टेकड्यांपर्यंत सराव सुरू होतो. बुटांची खरेदीही याच हंगामात होते. दुकानात ग्राहकाला ट्रेडमिलवर मिनिटभर पळवले जाते, मागून मोबाइलने चित्रीकरण होते आणि निदान हाती येते : पाऊल आत कलते आहे, स्टॅबिलिटी शूजच घ्यावे लागतील. नामांकित कंपन्यांच्या अशा बुटांची किंमत दहा हजारांच्या पुढे जाते. एवढा खर्च आणि पुढच्या काही महिन्यांचा सराव ज्या निदानावर उभा राहतो, ते कितपत पक्के असते?

स्टॅबिलिटी शूज म्हणजे नेमके काय?

धावताना बहुतेकांच्या पावलाची बाहेरची कड आधी टेकते आणि मग पाऊल किंचित आत कलते. या आत कलण्याला ‘प्रोनेशन’ म्हणतात. ते नेहमीपेक्षा जास्त असेल तर ‘ओव्हरप्रोनेशन’. स्टॅबिलिटी शूज या जास्तीच्या कलण्याला आवर घालण्यासाठी बनवले जातात. त्यांच्या जुन्या रचनेत तळव्याखालच्या फोममध्ये आतल्या बाजूला अधिक कडक फोमचा तुकडा बसवलेला असे. पाऊल आत झुकू लागले की हा कडक भाग त्याला रोखून धरी. असा कोणताही खास आधार नसलेल्या बुटांना ‘न्यूट्रल’ म्हणतात. असिक्सचा जेल-कयानो, ब्रूक्सचा ॲड्रेनलिन जीटीएस, सॉकनीचा गाइड, न्यू बॅलन्सचा ८६० ही स्टॅबिलिटी प्रकारातली परिचित नावे. कयानो तर १९९३ पासून बाजारात आहे.

पाऊल आत कलणे हा दोष आहे का?

मुळात नाही. पाऊल आत कलते तेव्हा तळव्याची कमान थोडी पसरते आणि जमिनीचा धक्का शोषला जातो. ही शरीराचीच सोय आहे. ती कुणात कमी, कुणात जास्त असते. किती म्हणजे ‘अति’, याची सर्वमान्य रेषा नाही. ओला पाय फरशीवर उमटवून कमान पाहण्याची घरगुती चाचणी सांगितली जाते. पण ती उभ्या पावलाचा आकार दाखवते, धावत्या पावलाची हालचाल नाही. सपाट तळव्याचा माणूस धावताना स्थिर असू शकतो आणि उंच कमानीचा माणूस डगमगू शकतो.

केनियाच्या प्रिस्का जेप्टू यांचे उदाहरण बोलके आहे. धावताना त्यांचे गुडघे आत झुकतात आणि पावले बाहेर फेकली जातात. दुकानातल्या ट्रेडमिलवर त्यांना कुणी पाहिले असते तर दोषांची यादीच हाती दिली असती. याच शैलीत त्यांनी २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनचे रौप्यपदक मिळवले आणि २०१३ मध्ये लंडन व न्यूयॉर्क या दोन्ही मॅरेथॉन जिंकल्या. त्यांची शैली इतरांनी उचलावी असे नाही. मात्र मिनिटभराच्या चित्रीकरणातून एखादे शरीर ‘सदोष’ ठरवणे किती धाडसाचे आहे, हे त्यावरून कळते.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअरमधल्या नवभरती सैनिकांवर जोसेफ नॅपिक आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केले. एका गटाला तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, दुसऱ्या गटातल्या सगळ्यांना सरसकट स्टॅबिलिटी शूज. प्रशिक्षणाच्या काळात दोन्ही गटांतल्या दुखापतींमध्ये विशेष फरक दिसला नाही. कमान पाहून बूट ठरवण्याची पद्धत तिथेच डळमळीत झाली.

डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावकांना एकाच प्रकारचे न्यूट्रल शूज देऊन वर्षभर त्यांची नोंद ठेवली गेली. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मध्यम प्रमाणात आत कलणाऱ्या पावलांना जास्त दुखापती होतात, हा समज टिकला नाही.

मग स्टॅबिलिटी शूज निव्वळ विक्रीची क्लृप्ती आहेत का? तसेही नाही. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावकांवर सहा महिने प्रयोग झाला. बूट दिसायला सारखेच होते. आपल्या बुटात आतल्या बाजूचा आधार आहे की नाही, हे ना धावणाऱ्याला माहीत होते, ना तपासणाऱ्याला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आधार असलेल्या बुटांच्या गटात दुखापती कमी आढळल्या आणि हा फायदा प्रामुख्याने आत कलणाऱ्या पावलांच्या धावकांना झाला.

हे तिन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर चित्र असे दिसते : आत कलणारे पाऊल म्हणजे आजार नाही आणि स्टॅबिलिटी शूज म्हणजे सर्वांसाठीचे औषधही नाही. पण ज्यांचे पाऊल बरेच कलते, त्यांच्यातल्या काहींना या बुटांचा खरा उपयोग होतो. ‘कलते म्हणून घ्या’ आणि ‘सगळे थोतांड आहे’ ही दोन्ही टोके चुकीची ठरतात.

कंपन्यांनी रचना का बदलली?

ब्रूक्सने ॲड्रेनलिनच्या एकोणिसाव्या आवृत्तीत आतल्या बाजूचा कडक तुकडा काढून टाचेच्या दोन्ही अंगांना कठड्यासारखा आधार दिला. असिक्सनेही २०२३च्या कयानो ३० मध्ये कडक फोमची जुनी रचना सोडली. आता भर आहे तो रुंद तळावर, पाऊल थोडे खोलगट जागेत बसवण्यावर आणि टाचेच्या घट्ट पकडीवर. पावलाला ढकलून ‘सरळ’ करण्याऐवजी ते फार भरकटू नये एवढीच काळजी घ्यायची, असा हा विचार आहे.

याचा ग्राहकाला एक फायदा झाला. रुंद तळाचे आणि मध्यम मऊ फोमचे कित्येक न्यूट्रल बूटही आज पुरेसे स्थिर असतात. त्यामुळे डब्यावरच्या शिक्क्यापेक्षा बुटाचा तळ पाहणे अधिक शहाणपणाचे. टाच आणि चवड्याखाली तो किती रुंद आहे, मधोमध पिळला तर किती सहज वळतो, टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबला तर चेपतो का, एवढे दुकानातच दोन मिनिटांत तपासता येते.

रोजच्या सरावासाठी निवड कशी करावी?

पहिला निकष आपल्या दुखण्यांचा इतिहास. वर्ष-दोन वर्षे न्यूट्रल बुटांत विनातक्रार धावणाऱ्याने केवळ चित्रीकरणात पाऊल कलते दिसले म्हणून बूट बदलण्याचे कारण नाही. उलट नडगीची आतली कड किंवा घोट्याची आतली बाजू वारंवार दुखत असेल, थकल्यावर पाऊल आत कोसळल्यासारखे वाटत असेल, तर स्टॅबिलिटी शूज घालून पाहण्यात अर्थ आहे. आणि ज्यांना स्टॅबिलिटी शूज आधीच मानवले आहेत, त्यांनीही ‘आता त्यांची फॅशन गेली’ म्हणून ते सोडू नयेत.

दुसरा निकष आराम. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी २०१५ मध्ये मांडले की, प्रत्येक शरीराची हालचालीची स्वतःची पसंतीची वाट असते आणि पायाला जाणवणारा आराम हा ती वाट जपणारा चांगला मार्गदर्शक आहे. हा अद्याप सिद्धांतच आहे, तरीही खरेदीच्या वेळी त्याचा उपयोग होतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीचे मोजे घालून बूट पाहावेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. आतली कड कमानीला टोचत असेल तर ‘सवय होईल’ हा दिलासा ऐकू नये.

तिसरी गोष्ट, डॉक्टरांनी दिलेले खास इनसोल वापरणाऱ्यांनी ते घालूनच बूट तपासावेत. आधार देणारा इनसोल आणि आधार देणारा बूट मिळून दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होऊ शकते. एकाच पायाची कमान अलीकडे खचल्यासारखी वाटत असेल किंवा घोट्याच्या आत सूज असेल, तर तो प्रश्न बुटाच्या दुकानाचा नाही. अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायला हवे. मधुमेहींनाही हे लागू आहे.

शर्यतीसाठी वेगळा बूट हवा का?

इथे मोहाची जागा आहे. २०१७ मध्ये नायकीने कार्बन प्लेट आणि अतिमऊ फोमचा व्हेपरफ्लाय आणला आणि शर्यतीच्या बुटांचे जग बदलले. पुढे हे बूट एवढे जाड झाले की २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची कमाल जाडी ४० मिलिमीटर ठरवून द्यावी लागली. सुरुवातीच्या प्रयोगात वेगवान धावपटूंची ऊर्जा सरासरी ४ टक्के वाचली होती. नंतर ताशी १२ आणि १० किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांवर तपासणी झाली, तेव्हा सरासरी बचत अनुक्रमे १.४ आणि ०.९ टक्क्यांवर आली आणि काहींना तर तोटाच झाला. ताशी १० किलोमीटर म्हणजे मॅरेथॉन सव्वाचार तासांच्या आसपास. आपल्याकडचे बहुसंख्य हौशी धावक याच वेगाचे किंवा याहून सावकाश धावणारे आहेत.

वजनाचा हिशेबही करून पाहावा. प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वजन वाढले की ऊर्जा साधारण एक टक्का जास्त लागते. सरावाचा स्टॅबिलिटी शूज ३०० ग्रॅमच्या घरात आणि शर्यतीचा २००च्या आसपास धरला, तरी चार तासांच्या मॅरेथॉनमध्ये वजनामुळे पडणारा फरक दोन-अडीच मिनिटांचा. स्वतःची वेळ सुधारण्यासाठी झगडणाऱ्याला तो मोठा वाटेल. पण पाच तास धावणाऱ्याची पन्नास हजारांच्या घरात पावले पडतात. त्यातली शेवटची पंधरा-वीस हजार थकलेल्या पोटऱ्यांनी आणि सैल पडलेल्या घोट्यांनी टाकलेली असतात. उंच, मऊ आणि टाचेखाली अरुंद असलेला बूट नेमका तिथे डगमगतो. मुंबईत धावणाऱ्यांना परतीच्या पेडर रोडवर जे पाय उरलेले असतात, त्या पायांचा विचार करून बूट निवडायला हवा.

म्हणूनच सरावात ज्यांना खरोखर आधाराची गरज भासते, त्यांनी पहिली मॅरेथॉन सरावाच्याच प्रकारच्या, थोड्या वापरलेल्या बुटांत धावणे उत्तम. पाच किंवा दहा किलोमीटरच्या शर्यतीत हलका बूट वापरून पाहता येतो, कारण तिथे थकव्याचा काळ थोडा असतो. अर्धमॅरेथॉनसाठी हलका पण रुंद तळाचा बूट हा मधला मार्ग. कार्बन प्लेटचे बूट घ्यायचेच असतील, तर लांब पल्ल्याच्या दोन-तीन सरावांत ते तपासल्याशिवाय शर्यतीत घालू नयेत. अशा बुटांत धावणाऱ्या पाच जणांच्या पावलातल्या नेव्हिक्युलर या हाडाला ताणामुळे इजा झाल्याची नोंद २०२३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. पाच जणांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही, पण अशा बुटांत हळूहळू रुळावे हे सांगायला ती पुरेशी आहे.

आपल्या रस्त्यांचे काय?

पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. रोज एकाच कडेने धावले तर एक पाऊल सतत आत आणि दुसरे बाहेर कलते. एकाच पायाच्या दुखण्याचे मूळ कित्येकदा इथे सापडते. अशा वेळी महाग बुटाआधी मार्ग बदलून पाहावा. मोकळ्या मैदानात धावावे किंवा रहदारी नसलेल्या रस्त्यावर मधोमध. सातारा हिल मॅरेथॉनसारख्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरायचा असतो. तिथे उतारावर टाच घट्ट धरणारा आणि ओल्या रस्त्यावर न घसरणारा बूट हलक्या बुटापेक्षा मोलाचा. पावसाळ्यात बूट उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नयेत. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावेत. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोम बसतो. तेव्हा जुना स्टॅबिलिटी शूज आधार देण्याऐवजी ज्या बाजूला झिजला आहे, त्या बाजूला पायाला ओढू लागतो.

बुटांकडून किती अपेक्षा ठेवावी?

धावण्याच्या दुखापतींत बुटाचा वाटा असतो, पण बऱ्याचदा कारण अधिक साधे असते. शर्यत जवळ आली की आठवड्याचे किलोमीटर एकदम वाढवणे, विश्रांतीचा दिवस गाळणे, पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम टाळणे. हे तिन्ही सुधारायला पैसे लागत नाहीत आणि बहुधा म्हणूनच ते कुणी विकत नाही. लक्झेंबर्गमधल्याच २०१५च्या आणखी एका अभ्यासात आलटून पालटून वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचे आढळले. तेव्हा शर्यतीसाठी एक भारी जोड घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत सरावाचे दोन आरामदायी जोड घेणे हौशी धावकासाठी अधिक फायद्याचे ठरू शकते.

बूट विक्रेत्याचा सल्ला घ्यायला हरकत नाही. फक्त ‘माझे पाऊल कसे पडते’ या प्रश्नाच्या जोडीला ‘माझे काय दुखते, कधी दुखते आणि कोणत्या बुटांत दुखले नाही’ हे आपण त्याला सांगायला हवे. ट्रेडमिलवरच्या मिनिटभराच्या चित्रीकरणापेक्षा हजार किलोमीटरचा स्वतःच्या पायांचा अनुभव अधिक विश्वासार्ह असतो.