तहान आणि आडोसा

मागे एकदा मे महिन्यात आदिलाबादला जायचा योग आला. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा मागे पडतो आणि तेलंगण सुरू होते. पाट्यांवरची लिपी बदलते, बाजारातली मराठी मात्र तशीच पुढे चालू राहते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा, किनवट इकडे आले आणि आदिलाबाद आंध्रात गेले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. बोलीला याची खबर कोणी दिलेली दिसत नाही.

तिथले ऊन आपल्यासारख्या समुद्राकाठच्या माणसाला समजत नाही. गोव्यात घाम निथळतो, म्हणून आपण पाणी पितो. तिथे घाम अंगावर येताच वाळतो. किती पाणी गेले याचा पत्ताच लागत नाही.

रस्त्याकडेच्या शेतात काही बायका कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होत्या. बांधावर पाण्याची कळशी भरलेली, पण तिच्याकडे कोणी फिरकत नव्हते. मी एकीला विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "पानी पेलं का मंग आडोसा पाहा लागते ना, भाऊ. इथं कुठं हाये आडोसा?"

"भरपूर पाणी प्या" हा सल्ला आपण किती सहज देतो! पण त्या बाईला तहान कळत नव्हती, असे थोडेच होते? पाणीही जवळच होते. नव्हता तो आडोसा.

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा शरीराला परत देतात. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, क्षार साचतात, खडे होतात. हे आपल्याला ठाऊक असते. पण उन्हातले कष्ट आणि तहान रोजचीच झाली, तर मूत्रपिंडे आतून कायमची झिजू शकतात, याकडे जगाचे लक्ष मध्य अमेरिकेतल्या उसतोडणी कामगारांमुळे गेले. निकाराग्वा, एल साल्वादोर इथले तरणे पुरुष, ना मधुमेह ना रक्तदाब, किडनी निकामी होऊन मरू लागले. कारणांबद्दल वाद आहेत, पण उष्णता आणि निर्जलीकरण यांच्यावरचा संशय दाट आहे. तिथल्या काही मळ्यांवर आता पाणी, विश्रांती आणि सावली यांची सोय कामाच्या वेळापत्रकातच धरतात.

तहान कशाने भागवतो, हाही प्रश्न आहेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तहानलेल्या उंदरांना साध्या पाण्याऐवजी शीतपेयासारखे गोड पाणी दिले, तर मूत्रपिंडांची इजा उलट वाढली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तरी भर दुपारी टपरीवर कोलाची बाटली तोंडाला लावताना आणि अंग दुखते म्हणून वर वेदनाशामक गोळी घेताना हे आठवावे. कोरड्या पडलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात.

आदिलाबादच्या गोंड घरांत ज्वारीची आंबील असते. आपल्याकडे अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज असायची, दुपारी तिवळ किंवा ताक. शेतातून आलेल्या माणसाला पाणी, थोडे मीठ आणि पोटाला आधार एकाच वाडग्यात मिळे. ही पेये गरिबीची म्हणून आपण मागे टाकली, हे मला चुकीचे वाटते.

पण जुने ते सगळे सोने, असेही मी म्हणणार नाही. २०१३ साली केरळमधल्या डॉक्टरांनी बिंबल्यांचा रस पिऊन मूत्रपिंडे अचानक बंद पडलेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आमटीतली चार बिंबली वेगळी आणि कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून प्यालेला पेलाभर रस वेगळा. शहाळ्याचे पाणीही किडनी आधीच अधू असलेल्याला पोटॅशियममुळे घातक ठरू शकते.

आणि आपले काणकोण? तिथे मधुमेह नसलेल्या माणसांनाही किडनीचा विकार जडतो, ही गोष्ट गोव्याला नवी नाही. बिट्स पिलानीच्या गोव्यातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तिथल्या भूजलातल्या सिलिका आणि शिसे या घटकांकडे बोट दाखवले. शेवटचा निकाल अजून लागलेला नाही. पण आजोबांनी खणलेल्या बांयचे पाणी गोड लागते म्हणून ते निर्दोष, असे धरून चालता येणार नाही. तिथे "भरपूर पाणी प्या" म्हणण्याआधी "कुठले पाणी?" हे विचारावे लागते. किडनीचा आजार फार उशिरापर्यंत बोलत नाही, म्हणून पाण्याच्या तपासणीबरोबर माणसांची रक्त-लघवीची तपासणीही वेळेवर व्हायला हवी.

सल्ला देणे फुकट असते. सोयीला पैसा लागतो. आपल्या गोव्यात इमारतींच्या कामांवर उन्हात राबणाऱ्या बायका आहेत, शाळेतून घरी येईपर्यंत पाण्याची बाटली न उघडणाऱ्या मुली आहेत. त्यांना किती पेले पाणी प्यायचे ते सांगू नका. आधी तिथल्या संडासाला दार आहे का, कडी आहे का आणि आत पाणी आहे का, एवढे जाऊन पाहा.