आर्थिक बहिष्कार आणि गोव्याचा अनुभव

एखाद्या देशात लष्कर अथवा हुकूमशहा जनतेच्या मानेवर बसला की बाहेरच्या जगातून एक मागणी हमखास उठते. त्या देशाशी व्यापार बंद करा, त्याचा पैसा अडवा, म्हणजे ते शासन नमेल आणि लोकशाही येईल. १ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रह्मदेशाच्या लष्कराने लोकांनी निवडलेले शासन उलथून टाकले, तेव्हापासून ही मागणी आपल्याही कानांवर येत आहे. ब्रह्मदेश आपणांस परका नाही. डिसेंबर १९५४ मध्ये प. पू. बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. तेथील जनतेविषयी आपल्या मनात आस्था असावी हे स्वाभाविकच आहे. परंतु आस्था असणे ही एक गोष्ट आणि आपल्या सहीने कोणते शस्त्र कोणावर चालणार आहे हे पाहणे ही दुसरी गोष्ट. आज मला या दुसऱ्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे.

हे शस्त्र आपल्या ओळखीचे आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यात त्यास निर्बंध म्हणतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ४१ व्या कलमात त्यास जागा दिलेली आहे. गावच्या भाषेत मात्र त्याचे नाव वाळीत टाकणे असे आहे. वाण्याने मीठमिरची द्यावयाची नाही, गिरणीवाल्याने दळण घ्यावयाचे नाही, शेतावर मजुरीस बोलवावयाचे नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर आपल्या वाडवडिलांनी हे भोगले. १९५६ च्या दीक्षेनंतर ज्या ज्या गावी आपल्या माणसांनी गावकीची कामे टाकली आणि मेलेले ढोर ओढण्यास नकार दिला, तेथे तेथे हेच शस्त्र बाहेर आले. आपणांपैकी ज्यांनी अलीकडे दीक्षा घेतली, त्यांना याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागणार नाही.

बाबासाहेब ज्या स्टार्ट समितीचे सभासद होते, तिच्या १९३० च्या अहवालात या बहिष्काराची नोंद आहे. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी ज्या मागण्या ठेवल्या, त्यांत बहिष्कार घालणे हा दंडनीय अपराध ठरवावा ही एक होती. त्या मागणीतील कलमे त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतली होती. ज्या देशाच्या कायद्यातून बहिष्काराविरुद्धची ढाल आपण उचलली, त्याच देशावर बहिष्कार घालावा काय, असा प्रश्न आज आपल्यापुढे आला आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पुढे झालेली दुरुस्ती आणि महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा हे त्याच मागणीचे उशिरा आलेले फळ होय.

यावर कोणी म्हणेल, गावातला बहिष्कार बलवानाने दुर्बळावर घातलेला असतो. हुकूमशहावरचा बहिष्कार दुर्बळांच्या वतीने बलवानावर असतो. दोन्हींची तुलना करू नका. हा युक्तिवाद पोकळ नाही. मात्र तो खरा ठरण्यास एक अट आहे. घाव बलवानापर्यंत पोहोचला पाहिजे. तो पोहोचतो की वाटेतच दुसऱ्या कोणाच्या पाठीवर पडतो, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या सावंतवाडीच्या पलीकडे, गोव्यात, आपल्याच देशाने हा प्रयोग केलेला आहे.

गोव्याचा प्रश्न प्रथमतः वसाहतीचा होता हे खरे; पण ती वसाहत एका हुकूमशाहीच्या हाती होती हे विसरता येत नाही. सालाझार १९३२ पासून १९६८ पर्यंत पोर्तुगालचा पंतप्रधान होता. त्याच्या राज्यात लिस्बनच्या माणसालाही मोकळेपणी बोलता येत नव्हते, मग पणजीच्या माणसाची काय कथा? १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेऊन नागरी स्वातंत्र्याची मागणी केली आणि त्यांना अटक झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसाहून अधिक माणसे मेली. मोहन रानडे यांच्यासारखा मराठी तरुण तर १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात राहिला, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे.

गोळीबारानंतर नेहरूंच्या शासनाने नाकेबंदी आवळली. आगगाडी बंद झाली. सीमा बंद झाली. १ सप्टेंबर १९५५ पासून गोव्यातील भारतीय वकिलात बंद झाली. मुंबईच्या गोदी कामगारांनी गोव्याकडे जाणाऱ्या जहाजांवर बहिष्कार टाकला होताच. माल जाईना, माणसे जाईनात आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैसाही जाईना.

या शेवटच्या गोष्टीपाशी मी थोडा थांबतो, कारण ती विक्रोळीच्या माणसास लवकर समजेल. आपल्या कन्नमवार नगरात, टागोर नगरात, पार्कसाइटच्या डोंगरावर किती घरांनी वर्षानुवर्षे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावी मनिऑर्डर केली आहे! त्या पैशावर तिकडे म्हातारीचे औषध येते, भावाच्या मुलांची फी भरली जाते. गोव्याचेही तसेच होते. गोव्याचा कष्टकरी माणूस मुंबईत खलाशी, आचारी, वाजंत्री, कारकून म्हणून राबत होता. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत गावोगावच्या गोमंतकीयांचे क्लब होते. ते त्यांस कूड म्हणत. एका खोलीत वळकट्या टाकून राहणारा हा माणूस पैसे गावी पाठवी आणि गोव्यातील असंख्य चुली त्यावर पेटत. नाकेबंदीने हा झरा बुजविला. शिवाय बार्देश, पेडणे, सत्तरीच्या कुटुंबांचे सोयरे सीमेच्या अलीकडे होते. मयताला जाण्यासाठी परवाना मागण्याची पाळी आली. या माणसांनी सालाझारला निवडून दिले नव्हते आणि त्यांना त्याला खाली खेचताही येत नव्हते.

मग सालाझारचे काय झाले? त्याच्या शासनाला १९५५ मध्येच विमानसेवा सुचली आणि दाबोळीचा विमानतळ उभा राहिला. तांदूळ पाकिस्तानातून आला, चहा सिलोनहून आला, आणि जुने गोमंतकीय आजही हॉलंडच्या बटाट्यांची आठवण सांगतात. भारतीय रुपयाच्या जोडीने चालणारा पोर्तुगीज रुपया १९५८ नंतर गेला व त्याच्या जागी एश्कुद आला. आणि या सर्वांना पैसा कोठून आला? लोखंडाच्या खनिजातून. युद्धानंतर उभ्या राहणाऱ्या जपानला खनिज हवे होते, पश्चिम जर्मनीला हवे होते. मुरगाव बंदर भारताच्या नाकेबंदीबाहेर होते, कारण समुद्र मोकळा होता. नाकेबंदीच्या काळातच गोव्याची खनिज निर्यात काही लाख टनांवरून १९६१ पर्यंत वर्षाला ५० लाख टनांच्या पुढे गेली. खाणमालक श्रीमंत झाले, शासनाला जकात मिळाली, सीमेवर घड्याळांची व सोन्याची तस्करी फोफावली. (१९६३ च्या निवडणुकीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते आणि बहुजन समाजाने त्यांना डोक्यावर घेतले. तो विषय निराळा. पण नाकेबंदीतून कोणता वर्ग सुखरूप बाहेर आला, एवढे त्यावरून दिसते.)

पोर्तुगाल १९४९ पासून उत्तर अटलांटिक कराराचा सभासद होता. त्या करारातील एकही बलाढ्य मित्र त्याच्यावर दडपण आणण्यास तयार नव्हता. एकट्या भारताने दार बंद केले आणि बाकी सर्व जगाने आपापली दारे उघडी ठेवली. पुढे शासनाला निर्बंध सैल करावे लागले. अखेर डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य पाठवावे लागले आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पोर्तुगालमध्ये लोकशाही आली ती २५ एप्रिल १९७४ रोजी, आणि तीही आफ्रिकेतील वसाहतींच्या युद्धांना कंटाळलेल्या त्याच्याच सैनिकी अधिकाऱ्यांच्या उठावाने. त्या नव्या शासनाने त्याच वर्षाअखेर गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. आमच्या नाकेबंदीचा त्यातील वाटा किती, हे मी मोठ्या कष्टाने शोधू गेलो तरी मला शून्याच्या फार पुढे जाता येत नाही.

वकिलीच्या धंद्यात मला दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम वारंवार उघडावे लागते. १९०८ चा हा इंग्रजी अमलातला कायदा काही दयाळू म्हणून प्रसिद्ध नाही. हुकूमनामा झाला की सावकाराला ऋणकोची मालमत्ता जप्त करून घेता येते. तरीसुद्धा ते कलम सांगते की ऋणकोची व त्याच्या बायकामुलांची नेसती वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांस हात लावता येणार नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे जप्त करता येणार नाहीत. मजुराची मजुरी जप्त करता येणार नाही. ज्याने कर्ज घेतले, सही केली, बुडविले, त्यालासुद्धा एवढे संरक्षण आहे. आणि राष्ट्राराष्ट्रांतील बहिष्कारात मात्र ज्याने काहीच केले नाही त्याच्या घरातील भांडी आधी उचलली जातात! १९५५ ला मुंबईच्या कुडीतून निघणारा पैसा ही मजुराची मजुरीच होती. ती अडवली गेली आणि मुरगावचे खनिज सुटले. जप्तीचा बेलीफ असा वागला असता तर न्यायालयाने त्याला घरी पाठविले असते.

तरी मी असे म्हणत नाही की हे शस्त्र कधीच उचलू नये. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण माझ्या डोळ्यांपुढे आहे. तेथील हिंदी लोकांना वेगळे कोंडणारा कायदा १९४६ मध्ये होताच, भारताने त्या देशाशी व्यापार तोडला. असे करणारा भारत पहिला देश. त्याने वर्णभेद लगेच संपला नाही. परंतु तेथे दोन गोष्टी गोव्याहून निराळ्या घडल्या. १९५९ मध्ये खुद्द आफ्रिकन जनतेचे पुढारी आल्बर्ट लुथुली यांनी जगाला बहिष्काराची विनंती केली, आणि त्याची झळ आपल्याच लोकांना लागेल हे ओळखून केली. ज्याच्या चुलीवर पाणी पडणार त्याने स्वतः संमती दिली होती. दुसरे म्हणजे घाव हळूहळू योग्य जागी पडू लागले. १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रपुरवठ्यावर बंधनकारक बंदी घातली, १९८५ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या बँकेने कर्जाची मुदत वाढविण्यास नकार दिला, १९८६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार मोडून कायदा केला. आतून लढा, बाहेरून तिजोरीला कुलूप. १९९४ च्या एप्रिलमध्ये तेथे सर्वांनी मतदान केले.

आता ब्रह्मदेशाकडे वळू. २००३ मध्ये अमेरिकेने तेथून येणाऱ्या मालावर सरसकट बंदी घातली. तयार कपड्यांचे कारखाने बंद पडले आणि त्यांत शिवणकाम करणाऱ्या हजारो मुलींची रोजी गेली. लष्कराचे उत्पन्न नैसर्गिक वायूतून येत होते आणि तो वायू थायलंडला सुखाने जात होता. म्हणजे पुन्हा गोवाच. २०२१ नंतर मात्र काही अक्कल आलेली दिसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युरोपीय संघाने तेथील सरकारी तेल व वायू कंपनीवरच निर्बंध घातले. मुरगावच्या खनिजावर जो हात १९५५ मध्ये पडला नाही, तो येथे निदान टाकला गेला.

आणि आपला देश? संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकाने मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, लष्करी सत्तापालटानंतर ब्रह्मदेशाच्या सेनेकडे गेलेल्या शस्त्रांचा व तत्संबंधी सामग्रीचा हिशेब एक अब्ज डॉलरचा आहे. त्यांत भारतातील कंपन्यांकडून गेलेला माल सुमारे ५ कोटी १० लाख डॉलरचा असून त्या कंपन्यांत सरकारी मालकीच्या कंपन्याही आहेत. रशिया व चीन यांच्या तुलनेत हा आकडा लहान आहे, हे खरे. पण रशिया आणि चीन माझी मते मागण्यास विक्रोळीत येत नाहीत.

म्हणून, धम्मबंधू-भगिनींनो, आपल्या विहारात ब्रह्मदेशाविषयी एखादे निवेदन सहीसाठी आले तर ते वाचल्यावाचून सही करू नका. त्यात नुसते ‘सर्व व्यापार बंद करा’ असे असेल, तर ते परत करा आणि दुरुस्ती सुचवा. तांदूळ, औषधे, कापड आणि परदेशी राबणाऱ्या मजुराने घरी पाठविलेला पैसा यांस हात लागू नये असे त्यात लिहा. मिझोरामच्या सीमेवर जीव वाचवून आलेल्या कुटुंबांची वाट अडवू नये असे लिहा. तेथील लोकशाहीवादी पक्षांनी व कामगार संघटनांनी स्वतः कोणते निर्बंध मागितले आहेत, त्यांचा उल्लेख करा. आणि पहिली मागणी दिल्लीच्या शासनाकडे करा, की भारताच्या कोणत्याही कारखान्यातून त्या सेनेस एक काडतूस, एक सुटा भागही जाऊ नये. ही शेवटची मागणी सर्वांत वर, पहिल्या परिच्छेदात घ्या. अर्जात मुख्य मागणी शेवटी टाकली की वाचणारा अधिकारी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, हे न्यायालयात वीस वर्षे अर्ज लिहिणाऱ्याचे सांगणे आहे.

विक्रोळी, मुंबई