मन एका विभागात, मेंदू दुसऱ्या

कला शाखेला गेलेली मुलगी मानसशास्त्र घेते, पण तिचं जीवशास्त्र सहसा दहावीलाच सुटतं. विज्ञानाची मुलगी मेंदूचे भाग पाठ करते. तो मेंदू ज्या बाईचा, तिच्या आयुष्याशी तिच्या अभ्यासाचा संबंध येत नाही. ही वाटणी बायकांना महागात पडते.

मी कला शाखेतून मानसशास्त्र शिकले आणि आज समुपदेशन केंद्रात काम करते. मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई तारखा विसरते, घटनांचा क्रम बदलते, बोलता बोलता हरवते. पोलीस म्हणतात, खोटं बोलते. सासरचे म्हणतात, वेडी आहे. कार्यकर्त्या म्हणतात, ताण आहे. डोक्यावर किती वेळा मार बसला, शुद्ध हरपली होती का, गळा दाबला होता का, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

ईव्ह व्हलेरा आणि हॉवर्ड बेरेनबॉम यांनी अमेरिकेत मारहाण सोसलेल्या ९९ स्त्रियांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. जवळजवळ तीन चतुर्थांश जणींच्या मेंदूला जोडीदाराच्या मारानं किमान एकदा इजा झाली होती. इजा जितकी जास्त, तितकी स्मरणशक्ती कमी, आणि उदासी व चिंताही जास्त. मन आणि मेंदू दोन्ही समोर ठेवले म्हणूनच हे दिसलं.

काही मैत्रिणी म्हणतात, ‘शरीराकडे बोट दाखवूनच आपल्याला घरात कोंडलं, आता मेंदू कशाला?’ ही भीती खोटी नाही. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा स्त्रियांमध्ये वेगळा असतो, असा निष्कर्ष १९८२ साली अवघ्या १४ मेंदूंवरून काढला गेला आणि गाजला. पण १९९७ साली बिशप आणि वॉल्स्टेन यांनी ४९ अभ्यास एकत्र तपासून तो टिकत नसल्याचं दाखवलं. असल्या दाव्यांना घोषणेनं उत्तर देता येत नाही, त्यासाठी तो विषय यावा लागतो. आपण मेंदूविज्ञानाकडे पाठ फिरवली, तर आपल्या मेंदूबद्दल दुसरेच बोलत राहतील.

कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंत नसावी, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच म्हटलं आहे. मग आपण विद्यापीठांकडे मागू या: मानसशास्त्राच्या पदवीत मेंदूविज्ञान प्रयोगशाळेसह शिकवा, जीवशास्त्र सुटलेल्या मुलींसाठी पहिल्या वर्षी पूर्वतयारीचा वर्ग घ्या, आणि मेंदूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना काही महिने स्त्रियांच्या केंद्रांत काम करायला पाठवा.

तोवर थांबायचं कारण नाही. डोक्याचा मार, हरपलेली शुद्ध, दाबलेला गळा, हे तीन प्रश्न आपापल्या केंद्राच्या नोंदणी अर्जात आजच घालू या. उत्तर ‘हो’ आलं, तर त्या बाईला समुपदेशनासोबत डॉक्टरकडेही नेऊ या.