बिअर मुरते काय?

लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, जुने तूप तर वैद्यबुवा औषधासाठी मागून नेतात. मग बिअरनेच काय घोडे मारले आहे? हा प्रश्न आमचा नव्हे. नांदेडच्या एका वकील स्नेह्यांच्या चिरंजीवांचा आहे. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असतात. तिथे २००९ साली ‘डूलाली’ ही बिअरची छोटी भट्टी निघाली, तिच्या पाठोपाठ आणखी निघाल्या, आणि तरुण मंडळी गव्हाची बिअर, भाजक्या बार्लीची काळी बिअर असे भेद आंब्याच्या जातींसारखे सांगू लागली. त्यांतल्या काहींना आता बाटल्यांवर तारखा घालून त्या वर्षानुवर्षे जपण्याचा नाद लागला आहे. लातूर-नांदेडकडचे शौकीन सुट्टीला येताना बाटल्या बरोबर आणतात. (आपल्या राज्यात १९४९ च्या कायद्याने बिअर बाळगायलाही परवाना लागतो, तो काढलेला असो.)

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर थोडे कडू आहे. शंभरांतल्या नव्वदांहून अधिक बिअर मुरत नाहीत, नुसत्या शिळ्या होतात. हॉप्सच्या फुलांचा सुगंध आधी उडतो, मग बाटलीतल्या चिमूटभर हवेने चवीला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. भट्टीवर ताजी मिळणारी बिअर तर दुधासारखी समजावी. मुरते ती वेगळीच जात : दाट, काळसर, आठ-दहा टक्क्यांपुढची, शक्यतो बाटलीत जिवंत यीस्ट असलेली. बार्लीवाइन, इम्पीरियल स्टाउट ही तिची नावे. बेल्जममधली आंबट गूझ तेवढी कडक किंवा काळी नसूनही मुरते. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या घरी ऑक्टोबरात गाळलेली कडक बिअर तळघरात वर्षानुवर्षे राही. १९६८ साली डॉर्चेस्टरच्या एका भट्टीने कादंबरीकार टॉमस हार्डी यांच्या नावाने बिअर काढली आणि ती बाटलीत पंचवीस वर्षे तरी सुधारत जाईल असे सांगितले. आपल्याकडच्या बाटलीवर ‘स्ट्राँग’ लिहिलेले असते, म्हणून ती ह्या पंक्तीत बसत नाही. ती हलक्या जातीचीच, फक्त मद्यांश वाढवलेली. तिच्यावर मुदत छापलेली असते, ती मुकाट्याने मानावी.

आता तळघर. वकीलसाहेबांच्या जुन्या वाड्याला तळघर आहे. पूर्वी तिथे ज्वारीची पोती असत. चिरंजीवांनी पोत्यांच्या जागी बाटल्या मांडल्या. भर मे महिन्यात अंगणात त्रेचाळीस अंश असताना खाली उतरले की जिवाला गार वाटते, हे खरे. पण गार वाटणे निराळे आणि गार असणे निराळे. जमिनीच्या पोटातली उष्णता त्या गावच्या वर्षाच्या सरासरीइतकी असते. इंग्लंडची सरासरी दहाच्या आसपास, म्हणून तिथले तळघर दहा-बारा अंशांवर राहते, आणि बिअर मुरायला नेमके तेवढेच लागते. नांदेडची सरासरी सव्वीस-सत्तावीस. तेव्हा आमचे तळघर, पेव किंवा आड कितीही खोल खणा, त्याखाली उतरायचे नाही. दर दहा अंशांना बिघाडाची गती दुपटी-तिपटीने वाढते, असा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने विलायतेत वर्षभरात व्हायचे ते इथे तीन-चार महिन्यांतच उरकते. ज्या पुस्तकांत ‘तळघरात ठेवा’ लिहिले आहे, ती थंड देशात लिहिलेली आहेत, एवढेच. आमच्या तळघरांनी ज्वारी राखली, ती त्यांच्याकडून घ्यावी.

ज्याला खरेच मुरवायची आहे त्याने घरातला जुना फ्रीज बारा अंशांवर लावावा आणि बाटल्या उभ्या, अंधारात ठेवाव्यात. उजेडाने हॉप्सचा कडूपणा बिघडून उग्र दुर्गंध येतो. तपकिरी काच पुष्कळशी आड येते, हिरवी नाही. दुकानात उन्हाच्या काचेशी मांडलेली बाटली घेऊन मग घरी कितीही जपली तरी काय उपयोग? पुण्याहून येतानाही गाडीच्या डिकीत दुपारभर तापली की संपले. फ्रीजच्या मालकीवरून घरात जे व्हायचे ते होईलच. बहुतेक माउलींना तिथे कैरीचे लोणचे आणि दिवाळीचे लोणी ठेवायचे असते, आणि त्यांचा हक्क आधीचा.

आणखी एक हिशेब लातूरकरांना सांगायला नको. लिटरभर बिअरमागे भट्टीत साधारण तीन ते सहा लिटर पाणी खर्ची पडते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्याच्या कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत तोडायला सांगितले. त्या उन्हाळ्यात लोक घागरी धरून रांगेत उभे होते. अशा मुलखात तळघरात ठेवून बाटली वाया घालवणे आम्हांला तरी रुचत नाही. हलकी असेल ती ह्याच दिवाळीत, चिवड्याचा डबा रिकामा व्हायच्या आत, चार मित्र बोलावून संपवावी. दाट काळी मिळाली तर दोन घ्याव्यात : एक आज उघडावी, एक फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात तारीख लिहून ठेवावी.