ईसीजी नॉर्मल असूनही हार्ट अटॅक कसा येतो? सीटी अँजिओग्राफी कोणी करावी, कोणी नाही?

नोव्हेंबर 2024. गरवारे स्टेडियमवर क्रिकेटचा सामना सुरू होता. 35 वर्षांच्या फलंदाजाने छातीत आणि हातात दुखत असल्याचं पंचांना सांगितलं आणि तो पॅव्हेलियनकडे निघाला. वाटेतच कोसळला. तो व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल.

त्याच्या वर्षभर आधी, 14 डिसेंबर 2023 ला अभिनेते श्रेयस तळपदे यांना 47 व्या वर्षी हार्ट अटॅक आला. घरात हृदयरोग असल्यामुळे आपण ईसीजी, टू-डी इको आणि रक्ततपासण्या करत होतो, कोलेस्टेरॉलचं औषधही सुरू होतं, असं त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं. तरीही एक रक्तवाहिनी 100 टक्के, तर दुसरी 99 टक्के बंद निघाली.

मग ब्लॉकेज आधी का दिसत नाही?

ईसीजी हृदयाचे विद्युत संकेत नोंदवतो. टू-डी इको झडपा आणि स्नायूंची हालचाल दाखवतो. दोन्हींत रक्तवाहिनीच्या आतलं दिसत नाही. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्टही साधारण 70 टक्क्यांहून मोठा अडथळा असेल तरच इशारा देते. आणि अटॅक अनेकदा लहान ब्लॉकेज फुटून, त्यावर रक्ताची गुठळी जमल्यामुळे येतो.

सीटीमध्ये काय दिसतं?

दोन प्रकार आहेत. कॅल्शियम स्कोअरमध्ये इंजेक्शन लागत नाही. रक्तवाहिन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजलं जातं. पण तरुणांमधलं मऊ ब्लॉकेज त्यातून निसटू शकतं. सीटी अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात आणि रक्तवाहिन्यांची भिंतच दिसते. किडनीचा त्रास किंवा त्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर आधीच सांगायला हवं.

याने जीव वाचतो का?

स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या 4,146 रुग्णांचा अभ्यास झाला. 2018 च्या निकालानुसार, पाच वर्षांत हृदयरोगाने मृत्यू किंवा अटॅक येण्याचं प्रमाण नेहमीच्या तपासणीत 3.9 टक्के होतं, सीटी केलेल्यांत 2.3 टक्के. फरक पडला तो मुख्यतः योग्य रुग्णाला योग्य औषधं वेळेत सुरू झाल्यामुळे.

पण हे रुग्ण तक्रार घेऊन आलेले होते. काहीही त्रास नसलेल्या माणसाने पॅकेजवर सूट आहे म्हणून सीटी अँजिओग्राफी करणं वेगळं. त्यात रेडिएशन आहे, खर्च आहे आणि किरकोळ ब्लॉकेज दिसलं की स्टेंटची घाई होण्याचा धोका आहे. इस्केमिया नावाच्या मोठ्या अभ्यासात 5,179 स्थिर रुग्ण होते. त्यांच्यात औषधांसोबत स्टेंट किंवा बायपास केल्याने, फक्त औषधांच्या तुलनेत, मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं. अटॅक सुरू असताना गोष्ट उलटी असते. तेव्हा तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते.

मग करायचं काय?

चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर डॉक्टरांना सीटी अँजिओग्राफीबद्दल विचारा. त्रास नाही, पण वडिलांना किंवा भावाला कमी वयात अटॅक आला असेल, डायबिटीस असेल, तंबाखूची सवय असेल, तर कॅल्शियम स्कोअरबद्दल विचारा.

आणि आत्ता छातीत दुखतंय, घाम फुटलाय, हात भरून आलाय? तर स्कॅनची अपॉइंटमेंट घेऊ नका. अ‍ॅसिडिटी समजून थांबू नका. 108 ला फोन करा.